आपत्काळासाठी घरातील साठा: हिशेब पाण्यापासून

अडीअडचणीसाठी साठा करायचा म्हटले की बहुतेक जण आधी धान्याचे डबे भरतात. हिशेब मात्र पाण्यापासून मांडावा. पिणे, स्वयंपाक आणि जुजबी स्वच्छता मिळून माणशी दररोज सुमारे ४ लिटर पाणी धरले, तर चौघांच्या कुटुंबाला ३ दिवसांसाठी ४८ लिटर लागते. एवढे तरी घरात असावेच. जागा असेल तर दोन आठवड्यांची सोय करावी.

पाणी खाद्यपदार्थांसाठीच बनवलेल्या, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरावे. दुधाचे जुने कॅन कितीही घासले तरी प्लास्टिकला चिकटलेला स्निग्धांश पुरता निघत नाही व त्यावर जंतू वाढतात, म्हणून ते वापरू नयेत. प्रत्येक कॅनवर भरल्याची तारीख लिहून तो उन्हापासून, तसेच रॉकेल आणि कीटकनाशकांपासून दूर ठेवावा आणि दर ६ महिन्यांनी पाणी बदलावे. पाण्याबद्दल शंका आली, तर ते निवळू द्यावे, स्वच्छ कापडातून गाळावे आणि खळखळ उकळी फुटल्यावर आणखी १ मिनिट उकळावे.

धान्याच्या बाबतीत एक गोष्ट हमखास विसरली जाते: वाटीभर तांदूळ शिजायला साधारण दोन वाट्या पाणी लागते, धुण्याचे वेगळे, शिवाय इंधनही हवे. त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी न शिजवता खाता येईल असे, आणि शक्यतो कमी मिठाचे, अन्न ठेवावे. खारट खाल्ले की तहान वाढते. डबाबंद पदार्थ घेतले तर हाताने चालणारा कॅन ओपनर त्यांच्याशेजारीच असू द्यावा. फुगलेला किंवा गळका डबा चव न घेता टाकून द्यावा, कारण त्यातले विष जिवावर बेतू शकते.

पांढरा तांदूळ कोरड्या, हवाबंद डब्यात वर्षानुवर्षे टिकतो. हातसडीचा तांदूळ आणि कोंड्यासकट दळलेले पीठ मात्र त्यांतील तेलामुळे काही महिन्यांत खवट होते. म्हणून साठा वेगळा कुलूपबंद न ठेवता रोजच्या वापरात फिरता ठेवावा: नवे मागे, जुने पुढे. तान्ह्या बाळाचे अन्न आणि नेहमीची औषधे यांचाही हिशेब याच यादीत धरावा.

वीज गेल्यावर दार न उघडलेला फ्रिज सुमारे ४ तास थंड राहतो, तर गच्च भरलेला फ्रीझर जवळपास ४८ तास. तेव्हा आधी फ्रिजमधले, मग फ्रीझरमधले संपवावे आणि कोरड्या साठ्याला त्यानंतरच हात लावावा.