वेस्टर्न कादंबरीपासून वाचनाची सुरुवात कशी करावी

इंग्रजी कादंबरी शेवटपर्यंत वाचण्याची मनापासून इच्छा असूनही चाळीस-पन्नास पानांनंतर पुस्तक मिटून ठेवणाऱ्या वाचकाला मी नेहमी वेस्टर्न कादंबरी सुचवतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेतील टेक्सासपासून मॉन्टानापर्यंतच्या माळरानांवर घडणाऱ्या या कथा केवळ बंदुकींच्या आहेत, हा समज चित्रपटांमुळे पक्का झाला आहे. प्रत्यक्षात त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा जमीन, पाणी आणि चारा असतो, आणि बांधावरून वर्षानुवर्षे चाललेली भांडणे पाहिलेल्या मराठी वाचकाला तो झगडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पहिले पुस्तक लहान निवडावे. माझ्या मते जॅक शेफर यांची १९४९ ची 'शेन' ही कादंबरी सर्वांत योग्य, कारण ती दीडशे पानांच्या आसपास आहे आणि एका मुलाच्या नजरेतून सांगितलेली असल्यामुळे तिची भाषा सरळ आहे. वाचण्यापूर्वी एवढीच पार्श्वभूमी पुरेशी आहे: १८६२ च्या कायद्याने, पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्या कुटुंबाला सरकारकडून १६० एकर मिळू लागले, १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचे पेटंट मिळाले आणि स्वस्तात कुंपण घालता येऊ लागले. त्यामुळे मोकळ्या कुरणांवर हजारो गुरे चारणारे मोठे मालक आणि कुंपण घालून पेरणी करणारे छोटे शेतकरी समोरासमोर आले. 'शेन' १८८९ च्या उन्हाळ्यात, वायोमिंगमधल्या अशाच एका खोऱ्यात घडते.

या पुस्तकातील झाडाच्या बुंध्याचा प्रसंग सावकाश वाचावा. शेतकऱ्याच्या गोठ्याजवळ एक जुना, चिवट बुंधा आहे. पाहुणा म्हणून आलेला शेन काही न बोलता कुऱ्हाड उचलतो, घरधनी दुसऱ्या बाजूने घाव घालू लागतो, आणि घोडे जुंपले असते तर काम लवकर उरकले असते हे माहीत असूनही दोघे हातांनीच तो उपटायचे ठरवतात. त्यांना पाहण्यात गुंतलेल्या घरधनिणीने भाजायला ठेवलेला 'ॲपल पाय' हा सफरचंद भरलेला गोड पदार्थ भट्टीत करपतो. गोळी सुटण्याच्या कितीतरी आधी, दोन पुरुषांमधला विश्वास लेखकाने केवळ श्रमातून उभा केला आहे. मला कादंबरी वाचण्याचा खरा आनंद प्रथम याच पानांवर गवसला, म्हणून हा प्रसंग मी आग्रहाने सांगतो.

वाचताना प्रत्येक शब्दासाठी शब्दकोश उघडू नये. खोगीर, लगाम, गुरे, कुरण यांसाठीचे दहा-पंधरा शब्द वारंवार येतात. ते तेवढे वहीत टिपून ठेवावेत आणि बाकीचे संदर्भाने समजू द्यावेत. अमेरिकेचा नकाशा मात्र हाताशी असावा. रोज एकच प्रकरण वाचले तरी चालेल, फक्त ते मध्येच सोडू नये.

दुसरे पुस्तक म्हणून चार्ल्स पोर्टिस यांची १९६८ ची 'ट्रू ग्रिट' घ्यावी. वडिलांच्या खुन्याचा माग काढायला निघालेली चौदा वर्षांची मॅटी रॉस घोड्यांच्या व्यापाऱ्याशी ज्या चिकाटीने पैशांचा वाद घालते, ती पाने मोठ्याने वाचण्यासारखी आहेत. तिचे इंग्रजी ठाशीव आणि घोटीव असल्यामुळे शाळेत व्याकरण शिकून आलेल्या आपल्या वाचकाला ते बोलीभाषेपेक्षा जवळचे वाटते. लॅरी मॅकमर्ट्री यांची 'लोनसम डव्ह' थोर आहे, तिला १९८६ चे पुलित्झर हे अमेरिकेतील मानाचे पारितोषिक मिळाले, पण आठशेहून अधिक पानांचा तो प्रवास तिसऱ्या-चौथ्या पुस्तकानंतरच हाती घ्यावा.

एक गोष्ट डोळे उघडे ठेवून वाचावी. जुन्या वेस्टर्नमध्ये मूळ रहिवासी जमाती पुष्कळदा केवळ संकट म्हणून येतात. ज्या जमिनीवरून मालक आणि शेतकरी भांडतात ती आधी या जमातींची होती, हे अशा पुस्तकांत क्वचितच सांगितलेले असते.

इंग्रजीचीच धास्ती वाटत असेल, तर जी. ए. कुलकर्णी यांनी मराठीत आणलेल्या कॉनरॅड रिक्टर यांच्या 'रान', 'शिवार' आणि 'गाव' या तीन कादंबऱ्यांपासून आरंभ करावा. त्या वेस्टर्न नव्हेत, त्यांतील ओहायोचे जंगल पुष्कळ पूर्वेला आणि काळही आधीचा आहे. परंतु झाडे तोडून शेत आणि शेतांतून गाव कसे उभे राहते, हे त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांतून दिसते. त्या वाचून झाल्यावर 'शेन'मधला बुंधा ओळखीचा वाटेल.