न्यू होप गाव पाण्याच्या वाटेने कसे पाहावे

न्यू जर्सीतील मराठी घरांतून पाहुण्यांना डेलावेअर नदीकाठच्या न्यू होपला नेण्याची पद्धत आहे. मात्र बहुतेक जण हमरस्त्यावरची दुकाने पाहून, आइस्क्रीम खाऊन परततात आणि गाव पाहायचे राहूनच जाते. पेनसिल्व्हेनियातील हे गाव जेमतेम दीड चौरस मैलाचे आहे, पण १८३७ पासून ते ‘बरो’ आहे, म्हणजे आपल्या नगरपंचायतीसारखा त्याचा कारभार स्वतंत्र आहे.

गाडी पैलतीरावरील लॅम्बर्टव्हिलमध्येच लावावी आणि पूल पायी ओलांडावा. राज्याची सीमा नदीच्या पात्रात आहे, तेथे क्षणभर थांबून दोन्ही काठ न्याहाळावेत. पूल नव्हता तेव्हा येथे नावेचा उतारा होता आणि त्यावरूनच गावाला कोरियल्स फेरी म्हणत. लाकडी पूल १८१४ मध्ये झाला. १८४१ च्या पुराने तो मोडला, पुन्हा उभारलेला १९०३ च्या पुराने नेला, आणि आज पायाखाली असतो तो १९०४ चा पोलादी पूल. नदीचा स्वभाव त्यानंतरही बदललेला नाही, कारण २००४, २००५ आणि २००६ अशी सलग तीन वर्षे पाणी काठावर चढले होते.

पूल उतरल्यावर हमरस्त्याला डावीकडे वळावे. थोड्याच अंतरावर एक ओढा खळाळत नदीला मिळतो. गावाचा जन्म खऱ्या अर्थाने या ओढ्यामुळे झाला, असे माझे मत आहे, कारण नदीने प्रवासी आणले, पण पाणचक्क्या फिरवल्या त्या ओढ्याने. बेंजामिन पॅरी यांच्या ‘होप’ चक्क्या १७९० मध्ये जळाल्या. त्यांनी त्या पुन्हा बांधून ‘न्यू होप’ म्हटले आणि तेच नाव गावाला चिकटले. चक्कीच्या जागेत १९३९ पासून नाट्यगृह चालते, आणि पॅरींचा १७८४ चा दगडी वाडा समोरच्या अंगाला आहे.

तसेच पुढे चालत गेल्यावर कालव्याचे जलद्वार आणि त्याच्या राखणदाराचे घर लागते. ब्रिस्टल ते ईस्टन या ६० मैलांच्या कालव्यातून दगडी कोळशाच्या नावा खेचरे ओढीत नेत असत, आणि ही वाहतूक १९३१ पर्यंत चालली. खेचरांच्या त्याच पायवाटेने निदान अर्धा तास चालावे. पाऊस होऊन गेला असेल तर वाट चिखलाची होते, म्हणून बूट त्या बेताने घालावेत. वेळ कमी पडलाच तर दुकाने वगळावीत, कालवा वगळू नये.