जुना गडी का नवं पोरगं: बेसबॉलचं भांडण नीट घालायची रीत

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतली तिसरी पाळी सकाळी सातला सुटते आणि लॉस एंजेलिसची घरची रात्रीची मॅच आपल्याकडं साधारण सात चाळीसला चालू होते, म्हणून आमचं सगळं बेसबॉल मिसळीच्या टेबलावर शिकून झालंय. फोन पाण्याच्या जगला टेकवायचा, मिसळ, ब्रेड, जादा कट, आणि समोर अमेरिकेतली रात्र. न्यूयॉर्कची मॅच पहाटे चार चाळीसला असते, ती आम्ही कुठं उभं राहून बघतो ते इथं लिहीत नाही, सुपरवायझर पण ऑनलाइन असतात.

टेबलावर तिघं. मी, दाजी आणि धाकटा मावसभाऊ. दाजींना जुना गडी पाहिजे, मावसभावाला नवं पोरगं पाहिजे, आणि मला गरम मिसळ पाहिजे.

"दाजी, त्या म्हाताऱ्याला आता तरी घरी घालवा की," हे असं तो म्हणतो, जसं काय दाजीच टीमचे मॅनेजर हायत.

"अरं, तुझ्या त्या पोराच्या ओठावरचं दूध तरी वाळू दे."

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची फुटबॉल मॅच असली की गॅलरीत जे चालतंय तेच हे, फक्त इथं एका टीमच्या १६२ मॅच असतात, मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर, जवळजवळ रोज. रोज भांडायचं म्हणजे दम पाहिजे आणि थोडी रीत पण पाहिजे, नायतर मेच्या आतच घसा बसतो. चार-पाच सीझन भांडून आमची जी रीत बसली ती लिहितो, ज्याला पटेल त्यानं घ्यावी.

सगळ्यात आधी बघायचं की गडी बॅटिंगला आला किती वेळा. एप्रिलमध्ये कुणाचं तरी ॲव्हरेज (हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठणं, भागिले बॅटिंगच्या वेळा) ०.२२० दिसतं आणि लगेच "संपला" म्हणून बोंब होते. आता हिशोब बघा, ५० वेळात ०.२६० म्हणजे १३ हिट आणि ०.२२० म्हणजे ११. दोन हिटचा फरक आहे नुसता! एक चेंडू फिल्डरच्या बोटाला लागून निसटला असता आणि एक लाइनच्या आत पडला असता तर हाच गडी फॉर्मात म्हटला असता. म्हणून आमच्यात नियम केलाय, मे संपायच्या आत "संपला" हा शब्द कुणी काढायचा नाही, काढला तर त्या दिवशीचं बिल त्याचं. स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद होणं, मात्र लवकर बोलतात, साठेक वेळा बॅटिंग झाली की पोरगं किती चेंडू हुकवतंय याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. ॲव्हरेजला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि आपण सगळे नेमकं ॲव्हरेज धरूनच भांडतो.

नंतरचं जे आहे तिथं खरी मजा आहे, नशीब गेलंय का अंग गेलंय हे ओळखणं. बॅबिप म्हणून एक आकडा असतो, बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूतले किती हिट झाले ते, सगळ्या लीगचं मिळून ते ०.३०० च्या आसपास राहतंय. एखाद्याचं ते ०.२२० ला आलंय पण चेंडू तो अजून जोरात मारतोय, म्हणजे ताशी ९५ मैल, आपले १५३ किलोमीटर, त्याच्यावरचे फटके पूर्वीइतकेच आहेत, तर गप बसायचं, बहुतेक नशीबच फिरलेलं असतं. २०१५ पासून हे सगळं कॅमेऱ्यानं मोजलं जातंय आणि फुकट बघायला मिळतंय, २०२४ पासून तर बॅटचा वेग पण. तो वेग वर्षागणिक उतरत चाललाय असं दिसलं तर मात्र दाजींची बाजू घेऊ नये.

आकडे नको असतील तर डोळ्यानं पण कळतंय. उजव्या हाताचा बॅटर फास्टबॉलला उशिरा पोचायला लागला की त्याचे फाउल (लाइनीबाहेर गेलेले फटके) एकसारखे उजव्या अंगाला जायला लागतात. मग त्याला स्वतःला कळतं की आपल्याला उशीर होतोय, म्हणून तो अंदाजानं आधीच बॅट सोडायला लागतो, आणि मग पिचर हळू चेंडू टाकतो आणि हा बिचारा हवेत फिरून गुडघ्यावर येतो. एकदा दिसलं तर सोडून द्या, तीन आठवडे रोज दिसलं तर वय झालं. हे मला तालमीतल्या एका म्हाताऱ्या माणसानं फोनकडं बघून सांगितलंय, बेसबॉल त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. "ह्यो गडी डाव लागायच्या आधीच पडतोय की रं," एवढंच म्हणाला आणि दूध प्यायला गेला.

दोन्ही बाजूंची उदाहरणं पाठ असू द्यात. डेव्हिड ऑर्टिझ, बॉस्टनचा, २००९ ला मे संपला तरी होमरन (आपल्या षटकारासारखा, चेंडू थेट कुंपणापलीकडं) एकच. सगळे म्हणाले गेला. सीझन संपला तेव्हा २८ होते, आणि २०१६ ला चाळिशीत ३८ मारून तो आपल्या पायानं घरी गेला. हे दाजींचं हत्यार. मावसभावाचं हत्यार ख्रिस डेव्हिस, बाल्टिमोरचा. २०१३ ला ५३ होमरन मारलेला गडी, २०१६ ला त्याच्याशी सात वर्षांचा करार केला, १६ कोटी १० लाख डॉलर, आणि २०१८ ला ॲव्हरेज आलं ०.१६८. पुढच्या एप्रिलपर्यंत सलग ५४ वेळा एक पण हिट नाही. तिथं वाट बघणं ही माया होती, अक्कल नव्हती, असं माझं मत.

आणि पैशावरनं भांडू नका, हात जोडून सांगतो. "एवढे कोटी दिलेत म्हणून खेळवायलाच पाहिजे" हा मुद्दा आला की समजायचं समोरच्याकडचे मुद्दे संपले. तिथं करार पक्का असतो, खेळवा नायतर बसवा नायतर सोडा, पैसे द्यावेच लागतात, म्हणजे ते गेलेले आहेत. दीड लाखाची म्हैस आटली म्हणून कुणी रोज पहाटे रिकामी चरवी घेऊन तिच्याखाली बसत नाही. ती परत दूध देईल का, एवढाच प्रश्न असतोय.

आता नियम. हे नव्वद टक्के लोकांना माहीत नसतंय आणि सगळं भांडण खरं तर इथंच येऊन अडकतं. टीममध्ये २६ जण. नव्या पोराला खालच्या लीगमध्ये पाठवता येतं, परत बोलवता येतं, परत पाठवता येतं, तीन सीझनपर्यंत ही मोकळीक असते, तिला ऑप्शन म्हणतात. जुन्याचं तसं नाही. वरच्या लीगमध्ये पाच वर्षांची सर्व्हिस झाली की त्याच्या मर्जीशिवाय त्याला खाली पाठवता येत नाही, म्हणजे एक तर ठेवा नायतर सोडा, आणि सोडला की तो दुसऱ्याच्या टीममध्ये उभा राहून तुमच्याच पिचरला मारायला मोकळा, पगाराचा मोठा वाटा वर तुम्हीच भरताय. म्हणून "दोघात चांगला कोण" असं विचारूच नका, ते कधी मिटत नाही. विचारायचं असं की पोराला वर आणलं तर बाकावर नेमकं कोण बसणार, आणि चुकलं तर ते परत फिरवता येतंय का. पोराची चूक निस्तरता येते. म्हाताऱ्याची एकदाच करता येते. हे विचारलं की टेबलावर एक मिनिट शांतता होते, तेवढ्यात मिसळ खाऊन घ्यावी.

लॉस एंजेलिस एंजल्स ह्या टीमचा एप्रिल २०१२ हा ह्या विषयातला बाप आहे. टीम २० पैकी १४ हरलेली. बॉबी अब्रेउ, ३८ वर्षांचा, एके काळचा भारी गडी, त्या वर्षीचा पगार ९० लाख डॉलर, त्याला २७ एप्रिलला सोडून दिला आणि त्याच्या जागी सॉल्ट लेकवरनं, म्हणजे त्यांच्या खालच्या टीममधनं, २० वर्षांचं एक पोरगं वर आणलं. पोराचं नाव माइक ट्राउट. आदल्या वर्षी हेच पोरगं ४० मॅच खेळून ०.२२० वर आलं होतं, तेव्हा पण "नुसती हवा" म्हणणारे होते. त्या सीझनला त्यानं ३० होमरन मारले, ४९ बेस चोरले (पिचर चेंडू टाकतोय तोवर पळून पुढचा बेस गाठणं), ०.३२६ ॲव्हरेज, आणि वर्षातला सगळ्यात चांगला नवा खेळाडू म्हणून सगळीच्या सगळी मतं घेऊन गेला.

हे सांगून मावसभाऊ टेबलावर हात आपटतो. पण थांबा, त्याच टीममध्ये त्याच महिन्यात दुसरा एक जुना गडी होता, अल्बर्ट पुहोल्स, नुकताच दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलरला आणलेला, आणि अख्ख्या एप्रिलमध्ये एक होमरन नाही. पहिला आला ६ मेला. त्याला बसवा म्हणणारे पण कमी नव्हते. सीझन संपताना त्याचे ३० होमरन आणि १०५ रन बॅटिंग इन, म्हणजे त्याच्या बॅटिंगवर टीमला मिळालेल्या रन. एकाच महिन्यात एकाच टीमनं एका म्हाताऱ्याला सोडलं आणि दुसऱ्याची वाट बघितली, दोन्ही बरोबर निघालं, आणि एवढं होऊन टीम प्लेऑफला गेलीच नाही ही गोष्ट दोघंही सांगायची विसरतात, मी सांगतो.

नव्या पोराचे खालच्या लीगचे आकडे आले की त्यातनं थोडं कापून घ्यायचं. सॉल्ट लेक, रेनो, अल्बुकर्की ही गावं उंचावर आहेत, हवा विरळ, चेंडू लांब जातो, तिथला ०.३०० म्हणजे वर ०.३०० नव्हे. (ट्राउट तिथं ०.४०३ वर होता, ती गोष्ट वेगळी.) मी होमरन बघतच नाही, पोरगं वाईट चेंडू सोडतंय का ते बघतो. बाल्टिमोरचा जॅक्सन हॉलिडे, २०२२ च्या ड्राफ्टमधला (टीमा नवी पोरं निवडतात ती फेरी) पहिला नंबर, त्याला आणा म्हणून एप्रिल २०२४ ला केवढा दंगा, आणि आणला तर ३४ वेळात २ हिट. दहा मॅचमध्ये परत खाली. दाजी आठवडाभर खुशीत होते. मग जुलैच्या शेवटच्या दिवशी परत वर आला आणि त्याच मॅचमध्ये तिन्ही बेसवर गडी असताना होमरन, त्याचा पहिलाच. ऑप्शन म्हणजे काय ते ह्या पोरानं तीन महिन्यात दाखवलं.

कधी कधी पोरगं खाली राहतंय त्याला खेळाचं कारणच नसतं, मालकाचा हिशोब असतो. एका सीझनला १७२ दिवस भरले की सर्व्हिसचं एक वर्ष धरतात आणि सहा वर्षं झाली की खेळाडू कुठल्या पण टीमला जायला मोकळा. शिकागो कब्जनी क्रिस ब्रायंटला २०१५ ला सुरुवातीचे थोडे दिवस खाली ठेवलं, सराव मॅचमध्ये ९ होमरन मारलेल्या पोराला, आणि वर्षाअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी! त्यानं तक्रार केली, २०२० ला निकाल त्याच्या विरुद्ध गेला. तेव्हा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात "मॅनेजरला पोरगं दिसत नाही का" असं ओरडू नका, त्याला दिसतंय, त्याच्या मालकाला कॅलेंडर दिसतंय.

भांडण फारच तापलं तर मधली वाट काढायची, आणि ती कोल्हापूरकराला कुणी शिकवायला नको. खासबागेत जोड बघून कुस्ती लावतात का नाही, कुणाला पण कुणासमोर उभा करत नाहीत. तसं जुन्याला जोड बघून खेळवायचं. उजव्या हाताच्या बॅटरला डावखुरा पिचर बरा पडतो, मग समोर डावखुरा असेल त्या दिवशी म्हातारा, बाकी दिवस पोरगं.

ह्या मधल्या वाटेनंच मला गंडवलंय. २०२२, पुहोल्स ४२ वर्षांचा, आपल्या जुन्या टीमला, सेंट लुइसला, परत आलेला, एका वर्षाचे फक्त २५ लाख डॉलर. जुलैमध्ये ऑलस्टारची (निवडक खेळाडूंच्या मॅचसाठीची) सुट्टी आली तेव्हा ॲव्हरेज ०.२१५, होमरन ६, आयुष्यभराचे मिळून ६८५. मी भर टेबलावर म्हणालो की हे नुसतं निरोपाचं कौतुक चाललंय, ७०० काय होत नाहीत, त्या जागेवर पोरगं खेळवा. मे संपून दीड महिना झाला होता म्हणजे नियमात बसून बोललो होतो. दाजी शांतपणे म्हणाले, "लागली का मग? तांबडा-पांढरा, मटणाचं ताट, तिघांचं." लागली म्हटलं. डावखुऱ्या पिचरसमोर त्याला जास्त लावत गेले आणि तो मारत गेला. सुट्टीनंतर १८ होमरन. ७०० वा २३ सप्टेंबरच्या रात्री तिथं लॉस एंजेलिसमध्येच, म्हणजे आपल्याकडं २४ ची सकाळ, शनिवार, पाळी सुटलेली, फोन जगला टेकवलेला. दाजींनी ओरडायचं सोडून हळूच वेटरला विचारलं, "मटण आज चांगलं कुठं मिळंल हो?" तो ७०३ वर थांबला. मी तीन ताटावर.

वागायची रीत थोडक्यात. दाजींशी भांडताना "तुम्ही" सोडायचं नाही, आवाज किती पण चढू दे. खेळाडूच्या बायकापोरांवर जायचं नाही. कोण काय म्हणालं ते तारखेसकट लिहून ठेवायचं, कारण सप्टेंबरमध्ये प्रत्येक जण "मी तर आधीच सांगितलं होतं" म्हणतोय. आम्ही मिसळवाल्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो, मे महिन्याच्या पानामागं, पेन्सिलनं. सध्या तिथं तीन नावं आहेत, त्यातलं एक कुणीतरी थुंकी लावून पुसलंय, दाजी म्हणतात कट सांडला असंल.