वेण्णेकाठाने वर, कृष्णेकाठाने खाली: महाबळेश्वरच्या सायकलफेरीची तयारी

साताऱ्याच्या पूर्वेला संगम माहुलीत वेण्णा कृष्णेला येऊन मिळते. दोघींचा उगम महाबळेश्वरच्या डोंगरावरचा. तिथून एक मेढ्याच्या खोऱ्यात उतरते, दुसरी धोम-वाईकडे, आणि माहुलीच्या घाटापाशी पुन्हा भेट होते. आमची फेरी या दोघींच्या वाटेने आखलेली आहे. माहुलीहून सातारा, मग कण्हेर धरणाच्या बाजूने मेढा, केळघर घाट चढून महाबळेश्वर, पुढे पाचगणी, पसरणी घाटाने वाई आणि पाचवड-लिंबच्या बाजूने परत. अंतर साधारण १३० किलोमीटर. सातारा, मेढा आणि वाई ही गावं समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, तर महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. रेल्वेने येणाऱ्यांची एक सोय म्हणजे सातारा स्टेशन शहरात नाही, माहुलीच्याच बाजूला आहे. गाडीतून सायकल उतरवली की फेरी सुरू.

सगळ्यात आधी तारीख ठरवा, बाकीची तयारी तिच्यावर अवलंबून आहे. पावसाळ्यात हा रस्ता घेऊ नका. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, केळघर घाटात दरडी येतात आणि धुक्यात मागच्या गाडीला तुम्ही दिसतच नाही. दसरा झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले, पण त्यातून दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि सगळे शनिवार-रविवार वगळा. पर्यटकांच्या गाड्यांनी पाचगणी-महाबळेश्वर रस्ता तुंबला की सायकललाही वाट उरत नाही. पौष पौर्णिमेला मांढरदेवीची यात्रा असते, त्या दिवसांत वाईत फार गर्दी होते. पंचांग बघूनच रजा टाका. मी मंगळवार किंवा बुधवार धरतो.

दिशेवरून आमच्यात दरवेळी वाद होतो. पसरणीने चढून केळघरने उतरावं असं म्हणणारे बरेच आहेत. माझं मत उलटं आहे आणि ते मी सोडणार नाही. चढताना सायकल ताशी आठ-नऊ किलोमीटरने जाते. अशा वेळी मागे गाड्यांची रांग नको, रस्ता शांत हवा, आणि तो केळघरचा आहे. पसरणी घाटात रहदारी जास्त, पण उतारावर तुमचा वेग गाड्यांच्या वेगाजवळ येतो, त्यामुळे कुणी सारखं घासून पुढे जात नाही. शिवाय वेण्णेच्या कडेने तिच्या उगमाकडे चढायचं आणि कृष्णेसोबत खाली यायचं, हा क्रम मनालाही पटतो.

पायांची तयारी दोन महिने आधी सुरू करा. पुण्यातल्यांनी सिंहगड धरावा. गडाचा चढ केळघरपेक्षा खडा आहे पण आखूड, म्हणून एकदा चढून भागणार नाही. आठवड्यातून एक दिवस गड आणि एक दिवस चार तास न थांबता सपाट रस्ता, असं जमवा. साताऱ्यातल्यांना यवतेश्वरचा घाट दारातच आहे. फेरीच्या दोन आठवडे आधी एकदा शंभर किलोमीटर पूर्ण झालेले असावेत. त्यानंतरचे दिवस हलकेच फिरवा, शेवटच्या आठवड्यात पाय थकवू नका.

आता सायकल. गिअरचा विचार बहुतेकजण करत नाहीत आणि मग केळघरच्या वळणांवर उतरून ढकलत जातात. पुढे ३४ दातांची लहान चकती आणि मागे ३२ दातांची मोठी असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण सव्वादोन मीटर सरकते. मिनिटाला साठ फेरे मारले की ताशी आठ किलोमीटर. हा वेग तासभर धरता येतो आणि बोलताही येतं. मागे २८ दातच असतील तर त्याच वेगाला पन्नासच्या आसपास फेरे बसतात, प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जोर येतो आणि महाबळेश्वर यायच्या आत मांड्यांत गोळे येतात. मागच्या चकत्यांचा संच बदलायला दुकानात थोडाच वेळ लागतो. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या डीरेलरला तेवढी मोठी चकती चालते का हे मात्र मेकॅनिककडून आधी तपासून घ्या. हा बदल निदान तीन आठवडे आधी करा, म्हणजे चेन नव्या दातांवर बसेल.

ब्रेक पॅड नवे घाला, जुने अर्धे शिल्लक असले तरी. पाचगणी ते वाई बारा-एक किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटर उतरायचं आहे. चाकाच्या कडेवर, म्हणजे रिमवर दाबणारा रिम ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. वळणाआधी जोरात दाबायचा, वळणात सोडायचा आणि मधे रिमला वारा लागू द्यायचा. ही सवय घरच्या उतारावर आधीच करून घ्या. टायर २८ मिलिमीटरचे असावेत, हवा काठोकाठ भरू नका. दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, टायर उचकटायचे लिव्हर, छोटा पंप, चेनची जोडकडी आणि पाने खोगिराखालच्या पिशवीत ठेवा. पुढचा आणि मागचा दिवा चार्ज केलेला हवा, भर दिवसासुद्धा मागचा चालू ठेवा. रस्त्याचा नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून घ्या, घाटात रेंज जाते.

खाण्याच्या बाबतीत मी पहिल्या खेपेला चुकलो. महाबळेश्वर गाठलं म्हणजे चढ संपला, असं धरून खिशातलं सगळं वेण्णा तलावाच्या काठी संपवलं. पण पाचगणीपर्यंतचे वीस किलोमीटर नुसता उतार नाही, मधे मधे उंचवटे येतात. पाचगणीच्या अलीकडे हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि रस्त्याकडेच्या टपरीवर अर्धा तास बसून राहावं लागलं. त्या अवस्थेत पसरणी उतरलो असतो तर काय झालं असतं, याची आजही धास्ती वाटते. तेव्हापासून दर पाऊण तासाला काहीतरी पोटात जातंच. राजगिऱ्याचे लाडू, केळी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, दोन कंदी पेढे. मेढ्यात पोहे आणि चहा. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या लागतात, एकीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. केळघर गावात दोन्ही काठोकाठ भरल्याशिवाय घाटाला लागू नका. स्ट्रॉबेरी खायची तर पाचगणीत थांबून खुशाल खा, मात्र ती हौस म्हणून, जेवण म्हणून नव्हे.

पहाटे सहाला माहुली सोडायची. डिसेंबरात तेव्हा अंधार असतो आणि वेण्णेच्या खोऱ्यात चांगलाच गारठा. बाह्या काढता येतील असं पातळ जाकीट घ्या. चढताना ते पाठीच्या खिशात जातं, उतारावर पुन्हा अंगावर येतं. घामेजल्या अंगाने जाकिटाशिवाय पसरणी उतरू नका. अकराच्या आत महाबळेश्वर झालं तर वेळ हातात आहे असं समजा. हौस आणि दम दोन्ही शिल्लक असतील तर क्षेत्र महाबळेश्वरच्या, म्हणजे जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरापर्यंत जाऊन या, जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटर वाढतील. कृष्णा आणि वेण्णेच्या धारा तिथे शेजारी शेजारी वाहताना दिसतात. एक वाजून गेला असेल तर मंदिर पुढच्या खेपेला. पसरणीत धोम धरणाचं पाणी दिसायला लागतं. ते बघायचं तर सायकल कडेला पूर्ण थांबवून बघा, चालवताना मान वळवू नका.

वाईत दुपारचं जेवण हलकं ठेवा, भाकरी-पिठलं पुरे. पुढच्या पट्ट्याची तयारी वेगळी. हिवाळा म्हणजे उसाच्या गाळपाचे दिवस, भुईंज भागात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. त्यांची मागची ट्रॉली वळणावर आत येते आणि बऱ्याचदा तिला मागे दिवा नसतो. त्यांना ओलांडायची घाई नको आणि अंधार पडेपर्यंत रेंगाळणं नको. पाचवडला महामार्ग लागतो, तिथे जमेल तितका सेवारस्ता धरा. लिंबची बारा मोटेची विहीर वाटेवरून थोडी आत आहे. पाय शाबूत असतील तर जरूर वळा.

एका कोरड्या पिशवीत पंचा, चपला आणि सुके कपडे स्टेशनवर थांबणाऱ्या सोबत्याकडे किंवा ओळखीच्या दुकानात ठेवून जा. परतीच्या गाडीला तास-दीड तास असेल अशा बेताने या, म्हणजे माहुलीच्या घाटावर बूट काढून, वेण्णेचं पाणी कृष्णेत शिरतं तिथे पाय सोडून बसता येतं.