दही लागते, पण आंबते: गोव्याच्या हवेत दूध आणि दही सांभाळताना

गोव्यात दही लागतच नाही अशी तक्रार डिसेंबर-जानेवारीचे थंडीचे दिवस सोडले तर फारशी ऐकू येत नाही. नेहमीची तक्रार वेगळीच असते. रात्री विरजण लावले, सकाळी वर बोटभर पाणी, आणि दुपारच्या पानावर घ्यायच्या आधीच दही इतके आंबट की कढीच करावी लागते. मग विरजण बदलले जाते, शेजारणीकडून नवे आणले जाते, आणि पुन्हा तेच होते. चूक बहुतेक वेळा घड्याळात असते. आपल्याकडच्या उबेत दही पाच-सहा तासांत लागते आणि आपण ते दहा तास बाहेर ठेवतो.

दह्याआधी दुधाकडे पाहू, कारण दह्याच्या अर्ध्या अडचणी तिथेच सुरू होतात.

गोठ्यापासून पिशवीपर्यंत

आचळातून निघालेले दूध साधारण ३८ अंशांचे असते, आणि जंतूंना हीच ऊब आवडते. धार काढण्याआधी कास कोमट पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसायची आणि पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या काढून टाकायच्या. आचळाच्या टोकाशी साचलेले जंतू त्यांतच असतात, शिवाय दुधात गाठी आहेत का तेही दिसते. गाठी किंवा पाणचट पिवळसर दूध म्हणजे कासदाह (कासेला आलेली सूज), आणि ते दूध घरातही वापरायचे नाही. काढलेले दूध दोन तासांच्या आत गावच्या दूध संस्थेत पोचून थंड व्हायला हवे. मे महिन्यात टोपात उघडे राहिलेले दूध दुपारी तापवायला घेतले की फुटते ते याच कारणाने. आधीच आंबत चाललेल्या दुधाला उष्णता लागली की त्यातील प्रथिने एकत्र गोळा होतात.

संस्थेत दुधाचे स्निग्धांश (चरबी) आणि स्निग्धेतर घटक मोजले जातात व भाव त्यावर ठरतो. डेअरीत, उदाहरणार्थ फोंड्याजवळ कुर्टीला असलेल्या गोवा डेअरीसारख्या ठिकाणी, दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच ४ अंशांच्या आसपास थंड करतात. हेच पाश्चरीकरण. त्याने रोगजंतू मरतात, सगळे जंतू मरत नाहीत, म्हणून पिशवी फ्रिजबाहेर राहिली की दूध नासते. राज्याची गरज इथल्या दुधावर भागत नाही. बरेचसे दूध महाराष्ट्र आणि कर्नाटकातून घाट उतरून येते. त्यामुळे दुकानदाराने पिशव्या पहाटेपासून उन्हात क्रेटमध्ये ठेवल्या आहेत की बर्फाच्या पेटीत, हे बघून घेणे ब्रँड बघण्यापेक्षा महत्त्वाचे.

पिशवीवरच्या नावांचा अर्थ असा: फुल क्रीम म्हणजे किमान ६ टक्के स्निग्धांश, स्टँडर्डाइज्ड म्हणजे ४.५, टोन्ड म्हणजे ३ आणि डबल टोन्ड म्हणजे १.५ टक्के. रोजच्या दह्याला स्टँडर्डाइज्ड पुरेसे आहे. टोन्ड दुधाचे दही सैल वाटत असेल तर लिटरमागे दोन मोठे चमचे दूध पावडर आधी थोड्या थंड दुधात कालवून घाला. दह्याला घट्टपणा देण्यात चरबीपेक्षा प्रथिनांचा वाटा मोठा असतो. होमोजिनाइज्ड दुधावर साय जवळजवळ धरत नाही, म्हणून त्यात भेसळ आहे असे समजू नये. त्यातील स्निग्ध कण यंत्राने फोडून बारीक केलेले असतात, ते वर येत नाहीत.

सत्तरी, सांगे, धारबांदोडा भागात अजून घरच्या गाईचे दूध मिळते. गोव्याची स्वतःची म्हणून नोंद झालेली जात श्वेतकपिला. पांढरी, बुटकी, दूध थोडे पण खाणे आणि आजारही थोडे. अशा दुधाबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. पावसाळ्यात कोवळा हिरवा चारा भरपूर मिळतो तेव्हा दूध वाढते पण पातळ होते, त्या महिन्यांत दहीही सैलच लागणार. आणि धारोष्ण दुधाचे कितीही कौतुक ऐकले तरी ते न तापवता पिऊ नये. ब्रुसेलोसिस आणि क्षय हे आजार कच्च्या दुधातून माणसाला होऊ शकतात, गाय वरून कितीही धडधाकट दिसली तरी.

पाण्याची शंका असेल तर तिरप्या धरलेल्या गुळगुळीत ताटलीवर एक थेंब सोडा. चांगले दूध सावकाश ओघळते आणि मागे पांढरी रेघ ठेवते. पाणी घातलेले झरकन जाते, रेघ राहत नाही. पिठाची शंका असल्यास दूध उकळून थंड करा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळे झाले तर पीठ आहे.

दही लावणे

पिशवीचे दूध आधीच पाश्चरीकृत, मग पुन्हा उकळायचे कशाला? पिण्यासाठी, पिशवी थंड राहिली असेल तर, गरज नाही. दह्यासाठी मात्र आहे. दुधातील निवळीची प्रथिने ८० अंशांच्या वर काही मिनिटे राहिली की उलगडतात आणि केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात. पुढे आम्लता वाढून केसीनची जाळी बनते तेव्हा ही प्रथिने तिच्यात पाणी धरून ठेवतात. नुसते एक उकळी आणून उतरवलेल्या दुधाचे दही लवकर पाणी सोडते ते यामुळे.

एक लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात घ्या. पातेल्यात आधी दोन चमचे पाणी फिरवा, दूध खाली लागत नाही. उकळी आली की आच मंद करा आणि दहा मिनिटे अधूनमधून ढवळत ठेवा. दूध थोडेसे आटेल, तेवढे आटायलाच हवे. मग पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून निववा. निवताना ढवळत राहिलात तर साय धरत नाही आणि दही एकसारखे लागते. सायीचे दही आवडत असेल तर ढवळू नका.

विरजण घालताना दूध ४२-४३ अंशांचे असावे. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ करंगळी दुधात बुडवून दहापर्यंत मोजा. चटका न बसता गरम जाणवले पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या आकड्यालाच बोट काढावे लागले तर थांबा, कारण पन्नासच्या पुढे विरजणातले जंतू मरू लागतात. काहीच जाणवले नाही तर दूध फार निवले आहे, पुन्हा किंचित गरम करा.

विरजणाचे प्रमाण लिटरमागे उन्हाळ्यात एक छोटा चमचा, पावसाळ्यात दोन, थंडीत एक मोठा चमचा. ते वाटीत दोन चमचे कोमट दूध घालून गुठळी न राहता फेटा, मग सगळ्या दुधात मिसळा. जास्त विरजण घातले की दही घट्ट होईल हा समज चुकीचा आहे. आम्ल झपाट्याने तयार होते, जाळी आकसते, आणि तिच्यातले पाणी बाहेर फेकले जाते. परिणाम रवाळ, आंबट आणि पाणचट.

ज्या भांड्यात लावायचे त्यात ओतल्यावर झाकण ठेवा आणि हलवू नका. जाळी बनत असताना बसलेला धक्का पुन्हा भरून येत नाही. एप्रिल-मेमध्ये चार-पाच तास, पावसाळ्यात सहाच्या आसपास, थंडीत आठ. सत्तरीसारख्या डोंगराकडच्या गावांत थंडीच्या रात्री किनाऱ्यापेक्षा गार असतात, तिथे भांडे जाड टॉवेलात गुंडाळून ओव्हनमध्ये, अर्थात बंद ओव्हनमध्ये, ठेवा.

थांबवायची खूण ही: भांडे अगदी थोडे तिरके केले की दही कडेपासून एकसंध सुटते आणि मध्यभाग किंचित थरथरतो. तेव्हाच फ्रिजमध्ये. ते अजून कोवळे, अदमुरे असते आणि तीन-चार तास थंड झाल्यावर कापता येईल इतके घट्ट होते. बाहेरच घट्ट होऊ द्यायला गेलात तर आंबट होणार.

म्हणून वेळापत्रक बदला. रात्री दहाला लावण्याऐवजी संध्याकाळी पाचला लावा आणि झोपण्यापूर्वी आत ठेवा. कामामुळे रात्रीच जमत असेल तर दूध ३२ अंशांपर्यंत, म्हणजे बोटाला ना गरम ना गार, निवू द्या आणि विरजण अर्धाच छोटा चमचा घाला. सावकाश लागते, सकाळी सहा-सातला काढता येते.

बिघडले तर

अजिबात लागले नाही आणि दूध दुधासारखेच राहिले तर विरजण मेलेले आहे किंवा दूध खूप गरम होते. दोन्ही नसेल आणि दूध थेट गोठ्यातले असेल तर गाईला प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले होते का ते विचारा. कासदाहावरच्या औषधाचा अंश दुधात उतरतो आणि दह्याचे जंतू वाढूच देत नाही. औषधाच्या पाकिटावर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत ते दूध माणसांनी वापरायचे नसते.

चमच्याला तार सुटते: दूध फार गार असताना विरजण लागले किंवा विरजण जुने झाले. हे दही सहसा बाधत नाही, ताकात जिरते. पण त्याचेच विरजण पुढे नेऊ नका, तार पिढ्यान्‌पिढ्या चालते.

बुडबुडे, यीस्टचा वास, पावसाळ्यात कडेला गुलाबी, हिरवा किंवा नारिंगी ठिपका: सगळे टाका. वरचा भाग काढून खालचे वापरण्याची काटकसर इथे नको.

विरजणासाठी दह्याचा ताजा चमचा, कुणाचाही उष्टा चमचा लागण्याआधी, छोट्या कोरड्या डबीत वेगळा काढा. पाच दिवसांच्या आत वापरा. गावी जाणार असाल तर बर्फाच्या साच्यात गोठवा, महिनाभर चालते. पहिल्या वेळी थोडे मंद काम करते. मिरचीचे देठ टाकून दही लावणे कधी जमते, कधी नाही. देठावर कोणते जंतू आहेत ते कुणीच सांगू शकत नाही. साधे ताजे दही विकत मिळत असताना या खटाटोपात अर्थ नाही. डब्यातल्या योगर्टमध्ये दोन ठराविक उष्णताप्रिय जंतू असतात. त्याचे विरजण चालते, पण ते चाळीसच्या वर उबदार ठेवावे लागते. बिनसाखरेचे, बिनफळाचेच घ्या.

मातीच्या भांड्यातले दही छान लागते, डिचोलीच्या कुंभारांकडची भांडी प्रसिद्धच आहेत. माती पाणी शोषते म्हणून दही घट्ट होते. नवे भांडे एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, नंतर काथ्याने गरम पाण्यात घासा, साबण लावू नका, तो मातीत मुरतो. उन्हात कडक वाळवा. आणि इथेच अडचण: जून ते सप्टेंबर ते वाळतच नाही, छिद्रांत बुरशी धरते. त्या महिन्यांत स्टील किंवा काच. कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे कधीच नको, आम्लाने धातू दह्यात उतरतो.

खाण्यात काय मिळते

पेलाभर, म्हणजे २५० मिलि दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि आठ ग्रॅम प्रथिने असतात. प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. माशांवर वाढलेल्या घरांत ब १२ ची चिंता कमी, पण शाकाहारी घरात ब १२ चा मुख्य स्रोत दूध-दहीच. दह्यात दुधातली साखर, लॅक्टोज, काही अंशी आंबून कमी झालेली असते आणि जंतू पोटातही ती पचवायला मदत करतात, म्हणून दुधाने पोट फुगणाऱ्या अनेकांना दही सोसते. कढीत जंतू मरतात, प्रथिने आणि कॅल्शियम मात्र तिथेच राहतात.

लोहाच्या गोळ्या दुधा-दह्याबरोबर घेऊ नका, शोषण कमी होते. काही प्रतिजैविकांचेही तसेच, डॉक्टरांना विचारा. वर्षाच्या आतल्या बाळाला गाईचे दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये. सहा महिन्यांनंतर चमचाभर ताजे दही चालते. आणि मासे-दही एकत्र खाल्ल्याने कोड येते, ही आपल्याकडची पक्की समजूत: तिला वैद्यकीय आधार नाही. एखाद्याला माशांची किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर तो वेगळा प्रश्न.

दह्यावर आलेली निवळी ओतून देऊ नका. तिने भाकरीचे पीठ मळा किंवा वाटीभर डाळीत घाला. आणि दही आंबलेच तर एक वाटी दह्याला तीन वाट्या पाणी, चिमूटभर हिंग, भाजलेले जिरे, आले, मीठ घालून ताक करा. कढी करायची असल्यास दोन चमचे बेसन दह्यातच घुसळून मग आचेवर ठेवा आणि उकळी फुटेपर्यंत ढवळणे सोडू नका, नाहीतर चोथा-पाणी होते.