लष्करातून विद्यापीठात: जीआय बिलावर शिकताना

अमेरिकेच्या सैन्यातून बाहेर पडून आता डिग्रीला प्रवेश घेणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहितेय. ग्रीन कार्डावर भरती होता येतं, सेवेच्या जोरावर नागरिकत्वही मिळवता येतं, म्हणून आपल्यातली काही मुलं तिकडे वळतात. पण इथल्या मराठी घरांत सैन्यातून शिकायला गेलेलं दुसरं कुणी सहसा नसतं. आईवडिलांना कॉलेजचे अर्ज, सॅट, फी हे सगळं तोंडपाठ असतं. जीआय बिलाबद्दल, म्हणजे माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या सरकारी योजनेबद्दल मात्र "सरकार फुकट शिकवतं" याच्या पलीकडे माहिती नसते. मी आर्मीतून बाहेर पडल्यावर एका सरकारी विद्यापीठात अकाउंटिंग शिकले आणि शिकता शिकता तिथल्याच माजी सैनिक कार्यालयात काम केलं. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यामुळे जे कळलं ते सांगते.

आधी पात्रता. बहुतेकांना लागू होतं ते पोस्ट नाइन-इलेव्हन जीआय बिल. १० सप्टेंबर २००१ नंतर एकूण ९० दिवस सक्रिय सेवा झाली की ५० टक्के लाभ सुरू होतो, टप्प्याटप्प्याने वाढतो आणि ३६ महिन्यांच्या सेवेवर १०० टक्के होतो. सेवेत झालेल्या दुखापतीमुळे बाहेर पडावं लागलं असेल, तर सलग ३० दिवसांच्या सेवेवरही १०० टक्के मिळतात. डिस्चार्ज, म्हणजे सेवामुक्तीचा शेरा, 'ऑनरेबल'च हवा, 'जनरल' चालत नाही. नॅशनल गार्डच्या (राज्यांच्या राखीव दलाच्या) शनिवार-रविवारच्या ड्रिल यात धरत नाहीत. १ जानेवारी २०१३ ला किंवा त्यानंतर बाहेर पडला असाल तर लाभ वापरायला मुदत नाही, त्यामुळे आधी थोडी वर्षं नोकरी करून मग शिकायचं ठरवलंत तरी काही बुडत नाही.

व्हीएच्या (माजी सैनिकांसाठीच्या केंद्रीय सरकारी खात्याच्या) संकेतस्थळावर अर्ज केलात की पात्रतेचं पत्र येतं. ते पत्र आणि डीडी २१४ (सेवामुक्तीचा दाखला) घेऊन विद्यापीठातल्या एका माणसाला गाठायचं: स्कूल सर्टिफाइंग ऑफिशियल. प्रवेश कार्यालय, फी कार्यालय, विभागप्रमुख हे सगळे नंतर. तुम्ही किती वर्षं सेवा केलीत यावर टक्केवारी ठरते, पण दर सेमिस्टरला प्रत्यक्ष पैसे सुटतात ते हा अधिकारी तुमच्याबद्दल व्हीएला जे कळवतो त्यावर: किती क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं एकक), कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, वर्गात की ऑनलाइन. त्याने कळवलं नाही तर फी भरली जात नाही आणि घरभाडंही येत नाही. बऱ्याच विद्यापीठांत हे आपोआप होत नाही, दर सेमिस्टरला नव्याने विनंती करावी लागते. आमच्या कार्यालयात सप्टेंबरमध्ये जे घाबरेघुबरे होऊन यायचे, त्यातल्या बहुतेकांचं एवढंच राहिलेलं असायचं.

लाभ ३६ महिन्यांचा असतो. ऐकायला तीन वर्षं वाटतात, पण महिने फक्त वर्ग चालू असताना खर्च होतात. नऊ महिन्यांचं शैक्षणिक वर्ष धरलं तर चार वर्षांची डिग्री बरोबर बसते. उन्हाळ्यातही वर्ग घेतलेत तर महिने लवकर संपतील, पण डिग्रीही लवकर होईल.

फी थेट विद्यापीठाला जाते. १०० टक्के लाभ असेल तर सरकारी विद्यापीठात राज्यातल्या रहिवाशांची पूर्ण फी भरली जाते. दुसऱ्या राज्यात जात असाल तरी घाबरू नका. २०१४ च्या कायद्यामुळे हा लाभ वापरणाऱ्या माजी सैनिकांना सरकारी विद्यापीठांना रहिवाशांचाच दर लावावा लागतो. खासगी विद्यापीठासाठी वार्षिक कमाल मर्यादा आहे. त्यावरच्या फीसाठी यलो रिबन योजना आहे; त्यात विद्यापीठ जितकं सोडेल तितकीच भर व्हीए घालतं. पण सगळी विद्यापीठं यात नाहीत, काहींच्या जागा मोजक्या असतात आणि १०० टक्के पात्रता लागते. अर्ज करण्याआधी व्हीएच्या जीआय बिल कम्पॅरिझन टूलमध्ये विद्यापीठाचं नाव टाकून पाहा. पुस्तकांसाठी वर्षाला जास्तीत जास्त १,००० डॉलर मिळतात.

आता घरभाडं. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर. रक्कम ठरते ती कॅम्पसच्या झिप कोडवरून, तुम्ही राहता त्या जागेवरून नाही. दर असतो कुटुंब असलेल्या ई-५ (आर्मीत सार्जंट) सैनिकाच्या घरभाडेभत्त्याइतका, मग तुमची रँक काहीही असो. पूर्णवेळ म्हणजे १२ क्रेडिट असतील तर ९ क्रेडिटवर ८० टक्के भत्ता मिळतो. ६ क्रेडिट घेतलेत तर शून्य, कारण निम्म्यापेक्षा जास्त भार लागतो. सगळे वर्ग ऑनलाइन घेतलेत तर राष्ट्रीय सरासरीच्या निम्माच भत्ता. म्हणून बाकीचं सगळं ऑनलाइन असलं तरी एक तरी वर्ग कॅम्पसवर जाऊन करा. महागड्या शहरातलं विद्यापीठ असेल तर या एका वर्गाने महिन्याला शेकडो डॉलरचा फरक पडतो.

हा भत्ता महिना संपल्यावर मिळतो. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात वर्ग सुरू झाले तर सप्टेंबरात हातात पडतात ते त्या आठवड्याचेच पैसे. पहिला पूर्ण हप्ता ऑक्टोबरमध्ये. दोन सेमिस्टरच्या मधल्या सुट्टीचे पैसे नाहीत, त्यामुळे जानेवारीतला हप्ताही अपुरा येतो. सैन्यात दर १ आणि १५ तारखेला पगार घ्यायची सवय झालेल्या माणसाला हे फार जड जातं. बाहेर पडताना दोन-तीन महिन्यांचं भाडं बाजूला ठेवूनच विद्यापीठात या. शिवाय दर महिन्याला व्हीएचा मेसेज येतो, अजून शिकताय का म्हणून. त्याला उत्तर द्यायचं. लागोपाठ दोन महिने उत्तर गेलं नाही तर पैसे थांबतात.

वर्ग सोडणं हा प्रकार बाकीच्या विद्यार्थ्यांसाठी साधा असतो, आपल्यासाठी नसतो. समजा, ऑक्टोबरात कॅल्क्युलस झेपेनासा झाला आणि तुम्ही तो सोडलात. १२ चे ८ क्रेडिट झाले. सर्टिफाइंग ऑफिशियलला हा बदल व्हीएला कळवावाच लागतो. मग व्हीए मागे जाऊन हिशोब करतं आणि त्या वर्गाची फी, भत्त्यातला फरक, पुस्तकांचे पैसे यांतलं बरंचसं तुमच्या नावावर कर्ज म्हणून लागतं. घरी पत्र येतं; उत्तर दिलं नाही तर पुढच्या हप्त्यांतून वसुली. पहिल्यांदा असं झालं तर ६ क्रेडिटपर्यंत कारण न विचारता सूट मिळते, पण ती आयुष्यात एकदाच, आणि तीही सोडल्याच्या तारखेपर्यंतच्या पैशांना. त्यानंतर आजारपण, घरातला मृत्यू, नोकरीतली सक्तीची बदली असं कारण आणि त्याचा पुरावा लागतो. शेवटपर्यंत वर्गाला बसून, परीक्षा देऊन नापास झालात तर मात्र व्हीए पैसे परत मागत नाही, आणि डिग्रीला आवश्यक असेल तर तोच वर्ग पुन्हा घ्यायचेही पैसे देतं. म्हणून माझं स्पष्ट मत: सोडायचंच असेल तर वर्ग बदलायची मुभा असते त्या पहिल्या आठवड्यातच सोडा, आणि बटण दाबण्याआधी कार्यालयात येऊन विचारा. पाच मिनिटांचं काम असतं.

आणखी एक नियम असाच अंगावर येतो. तुमच्या डिग्रीच्या आराखड्यात बसणाऱ्या वर्गांचेच पैसे मिळतात. आमच्या कार्यालयातल्या बाई एका पडद्यावर विद्यार्थ्याची वर्गनोंदणी उघडायच्या, शेजारच्या पडद्यावर डिग्री ऑडिट (डिग्रीला लागणाऱ्या विषयांची यादी), आणि एकेक ओळ ताडून पाहायच्या. कुणी हौसेने फोटोग्राफी घेतलेली असायची आणि मोकळ्या विषयांची जागा आधीच भरलेली असायची. ते ३ क्रेडिट सर्टिफाय होत नसत, भार ९ वर यायचा आणि भत्ता कापला जायचा. शेवटच्या सेमिस्टरला मात्र ही मुभा असते; डिग्रीला थोडेच क्रेडिट उरले असतील तर वरचे जादा वर्ग घेऊन पूर्णवेळ भार करता येतो.

सेवेतली दुखापत असेल तर जीआय बिलाला हात लावण्याआधी थांबा. व्हीएचं किमान १० टक्के अपंगत्व रेटिंग असेल तर चॅप्टर ३१ नावाची वेगळी योजना बघा, जिचं नाव व्हेटरन रेडिनेस अँड एम्प्लॉयमेंट. रेटिंग पुरेसं नाही. दुखापतीमुळे नोकरीत अडचण येते हे समुपदेशकाला पटावं लागतं. पण पटलं तर फी, पुस्तकं, लागणारी साधनं सगळं मिळतं, आणि आजच्या नियमाप्रमाणे आधी ही योजना वापरली तर जीआय बिलाचे महिने तसेच शिल्लक राहतात. उलट क्रमाने गेलात तर या योजनेतले महिने कमी होतात. जीआय बिलाचा एक दिवस जरी शिल्लक असेल, तर चॅप्टर ३१ मध्येही निर्वाहभत्ता जीआय बिलाच्या चढ्या दराने घेता येतो. पाठदुखी, गुडघे, कानात सतत वाजणारी शीळ, याला "काय एवढं" म्हणून रेटिंगचा अर्जच न करणारी मुलं मी पाहिली आहेत. कृपा करून अर्ज करा.

फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, भरायला विसरू नका. माजी सैनिक त्यात स्वतंत्र विद्यार्थी धरले जातात, म्हणजे आईवडिलांचं उत्पन्न मोजलंच जात नाही. दोघंही आयटीत असलेल्या घरातल्या मुलालाही यामुळे पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) मिळू शकते, आणि ती जीआय बिलासोबत चालते. जीआय बिलाच्या पैशांवर आयकर नाही. सैन्यातल्या प्रशिक्षणाचे क्रेडिट मिळवण्यासाठी जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाला पाठवा. एअर फोर्सवाल्यांनी त्यांच्या कम्युनिटी कॉलेजचा. किती क्रेडिट धरायचे ते विद्यापीठ ठरवतं, तेव्हा विभागात जाऊन बोला.

माणसांबद्दलही सांगायला हवं. वर्गात शेजारी अठरा वर्षांची मुलं असतात, तुम्ही चोवीस-पंचविसाव्या वर्षी पाठ भिंतीकडे करून बसता येईल अशी जागा शोधत असता. माजी सैनिकांच्या खोलीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कॉफी असते, फुकट प्रिंटर असतो, आणि कुठले प्राध्यापक सुट्टीच्या ड्रिलसाठी परीक्षा पुढे ढकलतात ते तिथेच कळतं. स्टुडंट व्हेटरन्स ऑफ अमेरिका ही २००८ ची संघटना. तिची शाखा तुमच्या कॅम्पसवर असेल तर जरूर जा. कार्यालयातच व्हीए वर्क-स्टडीचं काम मिळतं: किमान वेतनाचा दर, करमुक्त, आणि कुणी "आज वर्ग आहे" म्हटलं तर हरकत घेत नाही. किमान पाऊण भाराचे वर्ग हवेत, ही मुख्य अट.

एकाग्रता टिकत नसेल, झोप लागत नसेल, डोक्याला मार लागलेला असेल, तर अपंगत्व सेवा कार्यालयात वेगळी नोंद करा. व्हीएचं रेटिंग तिथे आपोआप पोहोचत नाही. नोंद झाली की परीक्षेला वाढीव वेळ, शांत खोली, व्याख्यान ध्वनिमुद्रित करायची परवानगी मिळते, आणि प्राध्यापकांना कारण सांगितलं जात नाही. आपल्या घरांत मनाच्या त्रासाबद्दल बोलायची पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे. काही कॅम्पसवर व्हीएचेच समुपदेशक बसतात. गावातल्या व्हेट सेंटरमध्ये (माजी सैनिकांच्या समुपदेशन केंद्रात) बोललेलं बाहेर जात नाही. रात्री-अपरात्री फार वाईट वाटलं तर ९८८ लावून १ दाबा, पलीकडे माजी सैनिकांसाठीच नेमलेलं माणूस असतं.

शेवटी एक हिशोबाची गोष्ट, कारण ती कुणी आपणहून सांगत नाही. सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी तुमच्या खात्यात एक दिवस जरी शिल्लक असेल, तर लाभ त्या सेमिस्टरच्या शेवटापर्यंत चालू राहतो. त्यामुळे शेवटच्या वर्षी व्हीएच्या खात्यात शिल्लक दिवस बघा आणि उन्हाळ्याचे वर्ग त्याप्रमाणे ठरवा. पदव्युत्तर शिक्षणाचं पहिलं सेमिस्टर त्यात बसत असेल तर उत्तमच.