नुसतं १७७४ साल पाहून पैसे मोजू नका

अठराव्या शतकातला इंग्रज उमराव लॉर्ड चेस्टरफील्ड याने मुलाला लिहिलेली शिष्टाचाराची पत्रं जुन्या पुस्तकांत दिसली, की आधी खंड मोजा. लंडनचा प्रकाशक डॉड्स्ली याने १७७४ साली काढलेली पहिली आवृत्ती दोन मोठ्या क्वार्टो (छापील ताव दोनदा दुमडून केलेल्या) खंडांत आहे. त्याच वर्षी चार छोट्या ऑक्टाव्हो (ताव तीनदा दुमडून केलेल्या) खंडांची दुसरी आवृत्तीही निघाली. साल तेच, त्यामुळे भलेभले गंडतात. शंका आली तर कोरं पान उजेडासमोर धरा: कागदातल्या एकेका बोटाच्या अंतरावरच्या रेषा क्वार्टोत आडव्या दिसतात, ऑक्टाव्होत उभ्या. ऑनलाइन घेताय? मग शीर्षकपानाचा आणि पुठ्ठ्याच्या सांध्याचा स्पष्ट फोटो मागवा. बांधणी नवी असली तरी चालेल, फक्त भाव पाडून मागा. फाटक्या पानांना सेलोटेप लावलेला असेल, तर मात्र सरळ सोडून द्या.